आठशे किलो

डोंगराच्या अंगाला जेवढी म्हणून तारेची कुंपणं दिसत, त्यातली निम्मी तरी तारवालीच्या हातची होती. तिचं खरं नाव बँकेच्या पासबुकात तेवढं उरलं होतं. नवरा गेला तेव्हा सगळ्यांना वाटलं, बाई आता पिकअप विकणार, धंदा गुंडाळणार. तिने दोन्ही केलं नाही. महिनाभरात ती गाडी शिकली, वर्षभरात खडकात खांब रोवायला शिकली. पदवीच्या वर्गात भूगोल शिकलेली ही बाई आता मातीचा रंग बघून सांगायची, इथे खड्डा दीड फूट, तिथे दोन.

नवऱ्याचा धंदा तिने चालवला, त्याची एक खोडही तशीच चालू ठेवली. सगळं सामान एकाच खेपेत न्यायचं. लोखंडी खांब, तारेची भेंडोळी, सिमेंटच्या गोण्या आणि पाण्याचं पिंप. वरच्या जमिनींकडे जाणारा रस्ता म्हणजे नुसते दगड आणि चाकोऱ्या. जाऊन येऊन चार तास मोडायचे. दुसरी खेप म्हटली की तिच्या अंगावर काटा यायचा. पिकअप इतकी खाली बसायची, की मागून बघणाऱ्याला वाटावं, गाडीला उठवेना झालंय.

गेल्या वर्षी मागच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. तेव्हा लेकीने तिला स्वयंपाकघरात गाठलं. लेक कॉलेजात शेवटच्या वर्षाला, सुट्टीच्या दिवशी आईबरोबर मापं घ्यायला यायची.

"आई, शब्द दे. आठशे किलोच्या वर एक खिळासुद्धा नाही."

"नाही."

"नाही म्हणजे देत नाहीस?"

"नाही म्हणजे नाही भरणार गं बाई. आता जेवू दे."

पहिले दोन महिने तिने शब्द पाळला. मग एका खेपेला दोन गोण्या जास्त घेतल्या. काही झालं नाही. मग दुसरं पिंप घेतलं. तेव्हाही काही झालं नाही. सामान ती पहाटेच भरायची, वर ताडपत्री घट्ट बांधायची आणि मग लेकीला उठवायची. वर पोचलं की लेक मापं घ्यायला पुढे जायची, तोवर हिचं सामान उतरवून व्हायचं. ताडपत्री आताशा फार घट्ट बांधतो आपण, हे तिचं तिलाही जाणवलं होतं.

टायर गुळगुळीत झाले तेव्हा दोघी उस्तादांकडे गेल्या. उस्ताद म्हणजे बाजाराच्या टोकाला असलेल्या टायरच्या दुकानातला म्हातारा फिटर. नवऱ्याचा जुना दोस्त. तारवालीला चाक बदलायला त्यानेच शिकवलं होतं, आणि पहिल्या दिवशी पान्यावर उभी राहून उड्या मारणाऱ्या या बाईला तो हसला नव्हता. दुकान आधी म्हाताऱ्या मालकाचं होतं, आता त्याच्या मुलाचं.

उस्तादांची एक पद्धत होती. गिऱ्हाईक आलं की आधी टायर दाखवायचे नाहीत. स्टुलावर बसवायचे आणि विचारायचे, "वजन किती नेता? खरं सांगा." मग टायर निवडला, की रिमवर चढवण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला पिवळ्या मेणखडूने लिहायचे: तारीख, वजन, हवा. "म्हणजे पुढे काही झालं तर टायर स्वतःच सांगेल," म्हणायचे.

त्या दिवशीही त्यांनी विचारलं, "वहिनी, वजन किती? खरं सांगा."

तारवालीने तोंड उघडलं. शेजारी लेक उभी होती. लेक सहज म्हणाली, "आठशेच ना, आई?"

डॉक्टरने विचारल्यावर माणूस जसा सिगारेटींचा आकडा निम्म्यावर आणतो, तशी ती म्हणाली, "आठशेच."

एक शब्द. घशातून किती सहज बाहेर पडला.

उस्तादांनी दोन टायर पुढे लोटले. एक जाडजूड, दहा प्लायचा, म्हणजे दहा थरांचा, अंगठ्याने दाबला तर दगडासारखा. दुसरा सहा प्लायचा, नक्षी तशीच खोल, पण अंगाने मऊ. जाड टायरच्या बाजूला छापलेल्या आकड्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "हा चौदाशे-पंधराशे नेणाऱ्यासाठी. फार कडक. रिकामी गाडी उडेल नुसती. तुमची कंबर आधीच दुखते. आठशेला हा मऊ पुरे. खडकाला धरून चालेल, तुम्हालाही सुख."

म्हणजे तिच्या कंबरेची काळजी करून त्यांनी मऊ टायर निवडला. तिला त्या क्षणी बोलता आलं असतं. 'उस्ताद, जाडच द्या' एवढंच म्हटलं असतं तरी चाललं असतं; कारण सांगायचीही गरज नव्हती. पण लेकीने विचारलं असतं, का? म्हणून ती म्हणाली, "तुम्हाला कळतं ते द्या."

चारही टायरांच्या आत पिवळ्या अक्षरात आठशे लिहिलं गेलं.

सातव्या आठवड्यात, वरच्या वाटेच्या तिसऱ्या वळणावर मागचा डावा टायर फुटला. आवाज असा झाला की लेक किंचाळली ते तारवालीला ऐकूच आलं नाही. गाडी भेलकांडली आणि डावीकडच्या खडकावर आदळली. उजवीकडे दरी होती. दारात अडकून लेकीचा हात मनगटाच्या वर मोडला.

दवाखान्यात प्लास्टर घालताना लेक दात आवळून बसली होती, आणि तारवाली तिचा दुसरा हात धरून मनात एकच हिशेब मांडत होती. उजवा टायर फुटला असता तर. तो हिशेब पुढे कितीतरी दिवस सुटला नाही. दूध तापवताना, तार ओढताना, वेणी घालताना, मध्येच तो उभा राहायचा: उजवा असता तर.

चौथ्या दिवशी लेक म्हणाली, "चल उस्तादांकडे. तो टायर घेऊन."

"राहू दे गं. तुझा हात असा."

"हात असा आहे म्हणूनच चल."

दुकानात पाच-सहा माणसं होती. लेकीने फाटका टायर धाडकन फरशीवर टाकायला लावला आणि प्लास्टरमधला हात पुढे केला. "काका, डोळे मिटून विश्वास ठेवला आम्ही. दोन महिनेसुद्धा झाले नाहीत. हे बघा. आत तुमच्याच अक्षरात लिहिलंय, आठशे. आठशेला फुटतो हा टायर?"

तरुण मालक गल्ल्यावरून उठून आला. वाकून त्याने पिवळं अक्षर वाचलं.

उस्ताद खाली बसले. त्यांनी टायरच्या आत हात घातला, फिरवला आणि बाहेर काढला. तळहातावर काळा भुगा होता. नुसतं फुटलेल्या टायरात असा भुगा नसतो. ओझ्याखाली दबून, तापून, आतल्या आत रबर दळलं गेलं तरच होतो. हे त्यांनीच तिला कधीतरी सांगितलं होतं. त्यांनी भुगा दोन बोटांत चोळला, मान वर केली आणि तारवालीकडे बघितलं. एकदाच. मग तिच्या लेकीकडे, तिच्या प्लास्टरकडे बघितलं, आणि हात फडक्याला पुसला.

"पोरी, चुकलं माझं," ते म्हणाले. "व्हॉल्व नीट बसला नसेल. वय झालं."

"वय झालं तर लोकांच्या जिवाशी कशाला खेळायचं?" मालक सगळ्यांसमोर म्हणाला. "उस्ताद, आजपासून टायर निवडून द्यायचे नाहीत. पंक्चर काढा. महिनाअखेरीला बघू पुढचं. काकू, माफ करा. चारही टायर बदलून देतो."

आणि तारवाली काय म्हणाली? ती म्हणाली, "जाऊ द्या हो. माणूस आहे. होतं असं."

माफ केलं तिने. ज्याने तिच्यासाठी खोटं अंगावर घेतलं, त्याला तिने चारचौघांत मोठ्या मनाने माफ केलं. घरी आल्यावर तिने तोंड धुतलं, आरशात बघितलं आणि पुन्हा धुतलं.

पुढचे अकरा दिवस ती बाजाराच्या टोकाला फिरकली नाही. टायर बदलून घ्यायलाही गेली नाही. जुना स्टेपनी टायर लावला आणि खालच्या सपाट रस्त्यावरची किरकोळ कामं केली. पण कानावर यायचंच. कुंपणाचं माप घ्यायला गेली, तर तिथला माणूस हसत म्हणाला, "उस्तादांना म्हणे मालकाने काढायचं ठरवलंय. बरंच झालं. तुमच्या पोरीचा जीवच घेतला असता म्हाताऱ्याने."

"हं," ती म्हणाली, आणि टेप उलटी धरून माप लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी परत जाऊन मोजावं लागलं.

डावखुऱ्या लेकीला आता उजव्या हाताने लिहायची सवय लागत होती. आई तिची पुस्तकं उचलायची, केस विंचरायची, आमटीत चमचा बुडवून द्यायची. एकदा लेक म्हणाली, "किती करतेस गं माझं." त्या रात्री तारवालीला जेवण गेलं नाही.

बाराव्या दिवशी पहाटे तिने पिकअप भरली. त्या दिवशी होतं तेच, तेवढंच. खांब मोजून. नऊ गोण्या. दोन पिंपं काठोकाठ. ताडपत्री टाकली नाही. मग लेकीला उठवलं. लेक अंगणात आली आणि गाडीकडे बघत उभी राहिली.

"एवढं? आणि हात मोडलेला असताना मी काय करणार वर?"

"वर नाही जायचं. काट्यावर जायचं."

खडी मशीनचा वजनकाटा घरापासून अर्ध्या मैलावर, रस्ता सपाट. तरी तारवालीने पहिल्या गिअरमध्येच नेली. वाटेत लेकीने दोनदा मागे वळून बघितलं. काट्यावरच्या माणसाने गाडीचं रिकामं वजन वजा करून चिठ्ठी दिली. तारवालीने ती न बघता लेकीच्या मांडीवर ठेवली.

चौदाशे साठ.

"त्या दिवशी हेच होतं," तारवाली स्टिअरिंगकडे बघत म्हणाली. "त्याच्या आधीही. बऱ्याच वेळा."

लेकीने चिठ्ठीची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. "मी त्या माणसावर ओरडले," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर ओरडले मी. आणि तू उभी होतीस."

"हो."

"गाडी दुकानाकडे घे."

दुकान नुकतंच उघडत होतं. उस्ताद कोपऱ्यात सायकलच्या ट्यूबला पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत बसले होते. तारवाली ठरवलेलं सगळं वाक्य दारातच विसरली. तिने चिठ्ठी मालकाच्या गल्ल्यावर ठेवली आणि गिऱ्हाइकांकडे तोंड करून म्हणाली, "मी खोटं सांगितलं होतं. आठशे नाही, चौदाशे साठ नेत होते. उस्तादांनी आठशेला दिलेला टायर अगदी बरोबर होता. भुगा बघून त्यांना कळलंही होतं. मला वाचवायला ते व्हॉल्वचं बोलले."

मालकाने चिठ्ठी वाचली. मग उस्तादांकडे बघितलं. "हे खरं?"

उस्तादांनी ट्यूब पाण्यातून काढली. "आता वहिनी सांगताहेत म्हणजे असेल."

"मग बोलला का नाहीत तेव्हा?"

"पोर बघत होती," उस्ताद म्हणाले. एवढंच.

मालक थोडा वेळ उगाच काउंटर पुसत राहिला. मग म्हणाला, "गिऱ्हाईक आलंय, उस्ताद. टायर कोणता लागेल बघा." आणि तारवालीला, नजर न मिळवता, "काकू, फुकट बदलून नाही मिळणार आता."

"नकोच," ती म्हणाली.

उस्ताद उठले, हात पुसले, आणि स्टूल पुढे केलं. तिला वाटलं होतं ते रागावतील, निदान हसतील तरी. ते जुन्याच आवाजात म्हणाले, "वजन किती नेता? खरं सांगा."

तारवालीने लेकीकडे बघितलं. लेक बाहेर, गाडीच्या मागच्या फाळक्याला टेकून उभी होती. आत यायला तयार नव्हती.

"तिला विचारून सांगते," तारवाली म्हणाली.

बाहेर आली. लेकीने एका खांबावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "गेल्या महिन्यात डॉक्टरांनी विचारलं, ब्लडप्रेशरची गोळी रोज घेता का. तू हो म्हणालीस. तेही आठशेच होतं का?"

तारवालीच्या तोंडाशी 'नाही' आलं होतं. नेहमीसारखं, सहज.

"हो," ती म्हणाली.

लेकीने मान हलवली आणि धडधाकट हाताने फाळक्याची कडी ओढली. "अर्धं इथेच उतरव. मी मोजते. दोन खेपा होऊ देत."

दुकानासमोर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, तारवालीने पहिली गोणी खांद्यावर घेतली.