मेंढ्याचा होकार

आमच्या घरच्या कळपात बिरोबाच्या नावानं सोडलेला एक मेंढा होता. त्याचे लाड काय विचारता! उभ्या ज्वारीत तोंड घातलं तरी वडील त्याला हाकलत नसत. मी हाकललं की शिव्या मला. घरात काही अडलं की वडील त्याच्या पाठीवर भंडारा टाकायचे, तांब्यातलं पाणी शिंपडायचे आणि प्रश्न विचारायचे. मेंढ्यानं अंग झाडलं की देवाचा होकार, नुसता उभा राहिला की नकार. विहीर कुठं खणायची, बहीण कुठल्या घरी द्यायची, सगळं असंच ठरलं. विहिरीला पाणी लागलं नाही, ते सोडा.

गेल्या उन्हाळ्यात आईला मिरजेला दवाखान्यात ठेवलं होतं. पोटात गाठ होती. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं तर वाचेल, पण खात्री देत नाही. तुमचं तुम्ही ठरवा. मी म्हटलं, करा. वडिलांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. आई खाटेवरूनच त्यांना म्हणाली, "आवं, तुमी घरी जाऊन देवाला इचारून या. त्यो सांगंल तसं करू."

आम्ही दोघं एसटीनं जतला आलो आणि तिथून गावी. मेंढा बाभळीखाली नाक मातीत घासत उभा होता. वडिलांनी भंडारा टाकला, पाणी शिंपडलं. "चिरफाड नगं, घरीच आणू का तिला?" त्यांचं बोलणं संपायच्या आत मेंढ्यानं मान झाडली, मग सगळं अंग झाडलं, वर शिंकला. वडिलांचे डोळे भरून आले. इतका खणखणीत कौल त्यांना जन्मात मिळाला नव्हता.

आईला घरी आणलं. ती खूश होती, हे खरं. अंगणात बसून शेजारणींशी कानडीत गप्पा मारायची. पावसाळा लागला आणि ती गेली.

पुढं मेंढा नीट खाईना. एका सकाळी तो जोरात शिंकला आणि वडिलांच्या पायाशी पिवळट, जाडजूड अळी पडली, वळवळत. कळपाला लस द्यायला जनावरांचे डॉक्टर आलेच होते. त्यांनी सहज सांगितलं, "एक माशी असते, ती मेंढराच्या नाकात पिल्लं सोडते. अळ्या आत चढून कपाळापर्यंत जातात. जनावर सारखं डोकं झाडतं, शिंकतं. उन्हाळ्यापासून असणार. तुम्हाला दिसलं नाही काय?"

वडील माझ्याकडं वळून म्हणाले, "इचारायच्या आदीपासनंच झाडत हुता रं त्यो."

देवाच्या मेंढ्याला सुई टोचायची नाही, हा त्यांचाच नेम. त्या दिवशी डॉक्टरांनी सुई टोचताना त्यांनीच त्याचं डोकं धरलं. मेंढा बरा झाला, तरणाबांड दिसायला लागला, आणि मला त्याची चीड आली. एवढ्याशा औषधानं हे जनावर उठलं आणि माझी आई मातीत गेली. काठी घेऊन त्याला बडवावं असं वाटायचं, अजून वाटतं.

ऑपरेशननं ती वाचली असती की नाही, कुणालाच सांगता येणार नाही. वडिलांनी मात्र ते स्वतःपुरतं ठरवून टाकलंय. भाकरी वाढू का म्हटलं तरी ते व्हय म्हणत नाहीत, न्हाई म्हणत नाहीत.

परवा त्यांना सणकून ताप भरला. मी जवळ जाऊन विचारलं, "आबा, दवाखान्यात जाऊया काय?" त्यांनी माझ्यापुढं, पोटच्या पोरापुढं, हात जोडले आणि म्हणाले, "मला नगं इचारू."