पार्लरमधली पौर्णिमा

आयब्रो करायला गेले होते. पार्लरमधल्या टीव्हीवर कुठलातरी डब केलेला भयपट चालू होता. चंद्र उगवला आणि एका चांगल्या धडधाकट माणसाच्या अंगावर भराभरा केस फुटू लागले. शेजारच्या खुर्चीत एक मुलगी हनुवटीचं वॅक्सिंग करून घेत होती. पट्टी ओढली की तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं.

"सोस जरा," बाजूला उभी असलेली तिची आई म्हणाली. "संध्याकाळी पाहुणे येतायत. अस्वल बघायला नाही येत कुणी."

लोककथा असो की सिनेमा, माणसाचा लांडगा होताना त्याला काय यातना होतात हे अगदी चवीनं सांगतात. केस उपटून पुन्हा माणसात आणतानाच्या यातना कुठल्या मेल्यानं दाखवल्यात?

"दर पौर्णिमेला होतं का हो त्याला असं?" मुलीनं मला विचारलं.

"हो, दर महिन्याला."

"माझंही तसंच." लालबुंद हनुवटीवर बर्फ धरून ती टीव्हीकडे बघत राहिली. तिथे लांडग्यानं कुणाचातरी गळा पकडला होता. "त्याला निदान चावता तरी येतं," ती म्हणाली.

आईनं तिला तोंड मिटायला सांगितलं. ओठावरचे केस अजून काढायचे होते.