लेवुकाच्या बँकेत आलेला देवमाशाचा दात

मेरेवलेसीचा आवाज मोठा होता. बापाचा जन्म होड्या बांधण्यात गेला. खाडीतल्या माणसाशी किनाऱ्यावरून बोलायचं तर घसा ताणावाच लागतो, आणि लेकीने तोच घसा उचलला. सदर्न ओशन बँकेत नोकरी लागली तेव्हा तिला पहिली ताकीद मिळाली ती हळू बोलण्याची. फिजीतल्या लेवुकाच्या शाखेत काउंटरवर बसलेली बेटावरची ती पहिलीच मुलगी. त्यामुळे ती हळू बोलायला शिकली. निदान साहेब असेपर्यंत.

बँक मातबर. मुख्य कचेरी लंडनला, शाखा सिंगापूरपासून सामोआपर्यंत. कापसाच्या व्यापाऱ्यांमागोमाग ती लेवुकाला आली तेव्हा फिजीवर इंग्रजांचा झेंडाही लागला नव्हता. पुढे झेंडा लागला, राजधानी सुव्हाला गेली, झेंडा उतरलाही. बँक बीच स्ट्रीटवर होती तिथेच राहिली, आणि तिचे नियमही जागचे हलले नाहीत. लग्न झालेल्या बाईला खातं उघडायचं तर नवऱ्याची सही लागे, हा त्यातलाच एक.

गावात मासळी डबाबंद करायचा कारखाना निघाला आणि हा नियम बायकांच्या आड आला. आता दर शुक्रवारी त्यांच्या स्वतःच्या हातात पगार पडत होता. किनिसिमेरे ही त्या कारखान्यातली मुकादम. नवरा बोटीवर खलाशी, वर्षातून दोनदा घरी यायचा. एके दिवशी ती गमबूट घालूनच काउंटरसमोर येऊन उभी राहिली.

"खातं उघड माझं."

"नवऱ्याची सही?"

"तो कुठल्या समुद्रात आहे ते देवाला माहीत. माशाला सांगू का, तुझ्या पोटातून सही पाठव म्हणून?"

मागच्या बाया हसल्या. मेरेवलेसीला हसू आलं नाही. "ताई, नियमच तसा आहे," ती म्हणाली.

"मासे कापताना कोणी नवऱ्याची सही मागितली नाही बरं!" किनिसिमेरे म्हणाली. मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "तू आमच्यातलीच ना गं? की तिकडे बसल्यावर तिकडची झालीस?"

हे शब्द मेरेवलेसीला लागले. तिने मॅनेजर प्रेंटिस साहेबांना गाठलं. साहेब मेलबर्नचे. माणूस वाईट नव्हता, पण नियमाबाहेर पाऊल टाकायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी वर, सिडनीच्या कचेरीत विचारलं. वरून उत्तर आलं, नाही.

"आता माझ्या हातात काही नाही," साहेब म्हणाले.

"हातात काही द्यायचं आम्ही बघतो," मेरेवलेसी म्हणाली. साहेबांना ते कळलं नाही.

त्या रविवारी चर्चनंतर ती किनिसिमेरेबरोबर आपेनिसामामाच्या दारात गेली. मामा म्हणजे गावच्या सरदाराच्या वतीने बोलणारा म्हातारा. सोयरिकी जुळवणारा, भांडणं मिटवणारा. बायकांना हवा होता त्याचा शब्द, आणि त्याच्या हातून पुढे करायचा होता किनिसिमेरेच्या कुळात पिढ्यान् पिढ्या जपलेला देवमाशाचा दात. मोठं मागणं मागायचं तर असा दात द्यायची बेटाची रीत.

"बँकेला दात?" मामा उडालाच. "अगं, दात माणसाला देतात. दगडी इमारतीला कसला मान?"

"इमारतीत माणूस बसतो, मामा. आणि तुम्हाला गोऱ्यापुढे बोलायची भीती वाटत असेल तर मीच बोलते. माझा आवाज तुम्हाला ठाऊकच आहे."

"तू बोललीस तर छप्पर उडेल," मामा म्हणाला आणि ठेवणीतली सुलु, कमरेची लुंगी, काढून ठेवायला आत गेला.

शुक्रवारी पाळी सुटल्यावर कारखान्याच्या बाया रांगेने निघाल्या. बँकेत शिरून त्यांनी जमिनीवर चटया अंथरल्या आणि बसल्या. मासळीचा वास पंख्याखाली गरगर फिरू लागला. आपेनिसामामाने दोरीत ओवलेला तो पिवळसर, तुकतुकीत दात दोन्ही हातांवर धरला आणि बोलायला सुरुवात केली. त्याने बँकेचा मान केला, साहेबांच्या आईबापांचा मान केला, आणि शेवटी बायकांची मागणी मांडली.

प्रेंटिस साहेब मेरेवलेसीकडे वळले. "हे काय आहे? खरं सांग."

तिने मनात आणलं असतं तर 'भेट आहे, घ्या' म्हणून मोकळी झाली असती. पण खोट्यावर मिळवलेला होकार तिला नको होता.

"साहेब, हा दात हातात घेतलात तर तुम्ही हो म्हणालात. मग माघार नाही. आणि हो म्हणायचं नसेल, तर हात लावू नका. कोणी तुम्हाला दोष देणार नाही."

साहेबांनी टाय सैल केला. मग त्यांनी किनिसिमेरेकडे, तिच्या पाण्याने पांढऱ्या पडलेल्या बोटांकडे पाहिलं. ते काउंटरच्या बाहेर आले, चटईवर अवघडत मांडी घालून बसले आणि दोन्ही हात पुढे केले.

खोलगट तळव्यांच्या टाळ्यांनी इमारत दणाणली. मेरेवलेसीने घसा मोकळा करून आरोळी ठोकली. धक्क्यावरचे हमाल पळत आले. अंधार पडेपर्यंत खाती उघडत होती. पहिलं किनिसिमेरेचं. तिने ठसठशीत सही केली. मग तीच मेरेवलेसीला म्हणाली, "तिकडची नाहीस गं तू."

सिडनीहून चिडलेली तार आली. मागोमाग तपासनीस आला, साहेबांची नोकरी घ्यायच्या तयारीने. तो बोटीतून उतरला तो शुक्रवार होता. बँकेच्या दारापासून चर्चपर्यंत बायकांची रांग लागली होती. शेजारच्या बेटांवरूनही बाया आल्या होत्या.

"हे सगळं बंद करायचं म्हणता?" प्रेंटिस साहेबांनी विचारलं. "मग या बायांना तुम्हीच सांगा."

तपासनीस रांगेच्या टोकापर्यंत चालत गेला. परत येताना त्याच्या गळ्यात फुलांचा हार होता. साहेबांची नोकरी राहिली, आणि वर्षाच्या आत लंडनने पॅसिफिकमधल्या सगळ्या शाखांतून तो नियम काढून टाकला.

मेरेवलेसी पुढे त्याच शाखेची मॅनेजर झाली. बँकेने आपला जाडजूड इतिहास छापला. त्यात या गोष्टीला एकच ओळ मिळाली, 'दूरदृष्टीच्या संचालकांनी स्त्रियांना खाती खुली केली.' मेरेवलेसीने ती ओळ कारखान्याच्या अंगणात खड्या आवाजात वाचून दाखवली. बाया इतक्या हसल्या की आपेनिसामामाच्या वाटीतलं यांगोनाचं पेय सांडलं.

"दूरदृष्टी!" किनिसिमेरेने डोळे पुसले. "अगं, पुन्हा वाच, पुन्हा वाच!"

मेरेवलेसीने पुन्हा वाचलं, पलीकडच्या धक्क्यालाही ऐकू जाईल असं.