घाईवाले सर

आमचे कॉम्प्युटरचे सर खुर्चीवर बसलेले मी कधी पाहिले नाहीत. दारव्ह्याच्या बसस्टँडामागे त्यांचा क्लास होता. मशिनी दोनच, एक चालू, दुसरी मेलेली, आतलं दाखवायला उघडून ठेवलेली. सर दोन्हींच्या मध्ये येरझारा घालत शिकवायचे आणि आमचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देऊन मोकळे व्हायचे. माघारी आम्ही त्यांना घाईवाले सर म्हणायचो.

टेबलाखालचा सगळा डबा म्हणजे सीपीयू, असंच आम्ही धरून चाललो होतो. सरांनी मेलेल्या मशिनीतला बिस्किटाएवढा चौकोन दाखवला आणि म्हणाले, सीपीयू एवढाच, बाकी त्याचं घर. मग एका दमात पुढचं. “रॅम म्हणजे सैपाकाचा ओटा, हार्ड डिस्क म्हणजे कोठी. लाइन गेली का ओट्यावरचं सारं जाते, कोठीतलं राह्यते. म्हून सेव्ह करत जा.” लाइन तर रोजच जायची.

त्या वर्षी कापसानं पुन्हा दगा दिला. बॅचमधल्या मुली एकेक करून घरी बसल्या, आम्ही पाच जणी उरलो. माझ्या बाबांनी सांगूनच टाकलं होतं, पास झालीस तर नोकरी बघ, नाहीतर दिवाळीनंतर स्थळं बघायची. माझा जीव त्या एका परीक्षेत अडकला होता.

परीक्षा तीन दिवसांवर असताना खंडेनवमी आली. घरी विळे-पावशा पुजतात, तशी आम्ही चालू मशीन पुजली. मी फुलानं डब्यावर पाणी शिंपडलं, तेही अगदी सढळ हातानं. पाणी मागच्या जाळीतून आत गेलं आणि मशीन बंद पडली.

सर रागावले नाहीत. त्यांनी डबा उघडला, मदरबोर्ड टिपून घेतला, रॅम काढून माझ्या हातात पुसायला दिली. लगेच लावून पाहू का, असं मी विचारलं.

“दोन दिवस बटणाले हात नको लावू. ओली मशीन सुरू केली तं जळते.”

ते दोन दिवस सर दारापर्यंत जात, परत येऊन मदरबोर्डाला बोट लावून बघत, पुन्हा दाराकडे जात. तिसऱ्या दिवशी मशीन सुरू झाली. मी पास झाले.

दोनेक महिन्यांनी लोहाऱ्यातल्या एका कारखान्यात कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागले. पेढे घेऊन दारव्ह्याला गेले, तर क्लासच्या जागी चपलांचं दुकान होतं.

“सर नागपूरले गेले,” दुकानदार म्हणाला. “जागा तं दसऱ्याच्या पह्यलेच सोडाची होती. पोरींच्या परीक्षेपायी थांबलते.”

ज्या घाईला आम्ही हसलो, ती जागा सुटायच्या आत आमचं शिकणं पुरं व्हावं म्हणून होती. आणि त्या माणसाला मी मशिनीवर सांडलेल्या पाण्याबद्दल साधं ‘चुकलं’ही म्हटलं नव्हतं.