उघड्या गाडीत ऐकू येणारं यंत्र

हूडकाकांनी आयुष्यभर लोकांच्या गाड्यांना छपरं शिवली आणि स्वतःची गाडी मात्र उघडीच ठेवली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं गल्लीतले लोक म्हणत. म्हणोत बापडे. कॅनव्हास, रेक्झिन, फोम, दाभण सगळं काकांच्या हाताशी होतं. मनात आणलं असतं तर एका दिवसात हूड उभं राहिलं असतं. पण काकूंना बंद गाडीत मळमळायचं. गाडी घेतल्यावरच्या पहिल्याच प्रवासात त्यांनी सासूबाईंच्या नव्या चपलांवर जे केलं, ते सासूबाई शेवटपर्यंत विसरल्या नाहीत. त्याच आठवड्यात काकांनी छप्पर उतरवलं, ते कायमचं.

त्यानंतर तीस वर्षं काकांनी गाडी चालवायची आणि काकूंनी वाट सांगायची, अशी वाटणी होती. काकू पाट्या वाचत, वळणं मोजत, आणि काका चुकले की त्यांच्याकडे वळून त्यांचा असा काही उद्धार करत की शेजारच्या गाडीतले लोकसुद्धा खाली मान घालत. दोन वर्षांपूर्वी काकूंच्या नजरेत मधोमध धुरकट डाग आला. कडेचं दिसे, समोरचं नाही. माणसाकडे बघायचं तर त्यांना तोंड बाजूला वळवावं लागे, म्हणजे डोळ्याच्या कोपऱ्यातून तो माणूस जेमतेम सापडे. आहे तेवढं टिकवायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. पाट्या वाचणं अर्थातच संपलं.

आणि पाट्यांबरोबर काकूंचं बोलणंही संपलं, हे काकांचं दुःख होतं. स्वयंपाकघरातून दिवसभर चालणारी ती बडबड एकाएकी आटली. घर कसं गप्प गप्प झालं. बाईने डोळ्यांचं मनाला लावून घेतलं, असं काका समजले, आणि त्यांना फार वाईट वाटे. यावर त्यांना एकच औषध ठाऊक होतं, ते म्हणजे काकूंची धाकटी बहीण. या दोघी एकत्र आल्या की तिसऱ्याने बोलायचं नाव काढू नये. पण मेव्हणीने नव्या गावी घर घेतलं होतं, आणि त्या गावाच्या तोंडाशीच एकावर एक चार पूल. काका दोनदा निघाले, दोन्ही वेळा भलत्याच पुलावर चढले आणि हात हलवत परत आले. परतीच्या वाटेवर काकू तोंड फिरवून बसल्या होत्या. काकांना ते फार लागलं.

आता मेव्हणीचा निरोप आला होता. ती महिनाअखेरीस मुलाकडे परदेशी जाणार, ती सहा महिन्यांनी परतणार. येत्या रविवारी येताय तर या.

म्हणून काका बुधवारी यंत्रांच्या दुकानात उभे राहिले.

"वाट सांगणारं यंत्र द्या," ते म्हणाले. "पण उघड्या गाडीत ऐकू येईल असं."

"काका, हे सगळं फोनमध्येच असतं हल्ली," दुकानदार म्हणाला. काकांनी आपला बटणांचा फोन काउंटरवर ठेवला. दुकानदाराने तो क्षणभर पाहिला आणि मुकाट्याने काचेच्या कपाटाला किल्ली लावली.

त्याने तीन यंत्रं मांडली. एकाचा पडदा मोठा, दुसऱ्याची बॅटरी मोठी, तिसऱ्यात म्हणे जगातल्या यच्चयावत गल्ल्यांचे नकाशे. काकांना तिन्ही पावाच्या स्लाइसएवढीच दिसत होती.

"आवाज कुणाचा मोठा?"

"आवाज सगळ्यांचाच चांगला आहे की."

"इथे असेल हो. पण माझ्या गाडीला छप्पर नाही. वारा लागतो. शेजारून ट्रक जातो."

"मग छप्पर घालून घ्या ना, काका. पलीकडच्या गल्लीत एक जण फार सुरेख हूड शिवतात, असं ऐकलंय."

काकांनी दाभणाने घट्टे पडलेली बोटं खिशात घातली. दुकानदाराने एका यंत्राचा आवाज शेवटपर्यंत वाढवला. यंत्रातली बाई खणखणीत ओरडली असावी, कारण टीव्ही बघायला आलेली दोन माणसं दचकून मागे वळली. काकांना मात्र ती शेजारच्या घरातून बोलावी तशी ऐकू आली. दुकानात इतकंच, तर रस्त्यावर काय कपाळ ऐकू येणार? मोठ्या पडद्याचं घ्यावं तर आवाज मागून येत होता, मोठ्या बॅटरीचं घ्यावं तर खालून. इकडे आड तिकडे विहीर. शेवटी काकांनी दोन्ही उचलली. आवडेल ते ठेवा, दुसरं सोमवारपर्यंत परत आणा, असं ठरलं.

कारखान्यात येऊन काकांनी रीतसर परीक्षा मांडली. गाडी चालू केली, समोर मोठा उभा पंखा लावला, म्हणजे वाऱ्याची सोय झाली. मागे शिलाई मशीन सुरू ठेवलं, तो ट्रक. मग स्टिअरिंगला बसून ते बाईच्या बोलण्याची वाट बघू लागले. पंख्याने त्यांचे उरलेसुरले केस उभे राहिले. बाई काही बोलेना.

"डावीकडे वळायला सांगतेय, काका!" समोरून पंक्चरवाला ओरडला. तो रस्त्यापलीकडे टायर पाण्यात बुडवून बसला होता.

"तुला कसं कळलं?"

"ऐकू येतंय की!"

काकांनी मान हलवली. पंक्चरवाला गोड माणूस होता, कुणाचं मन मोडायचा नाही. गाडीचं तोंड डावीकडे होतं, त्यावरून त्याने अंदाज केला असणार. काकांनी दुसरं यंत्र लावलं.

"आता ही सरळ जा म्हणतेय!" पंक्चरवाला पुन्हा ओरडला.

सरळ म्हणजे भिंत. काका चक्रावलेच. दोन यंत्रं दोन वाटा सांगत होती, आणि त्या दोन्ही ऐकू येत होत्या त्या पंक्चरवाल्याला, ज्याच्याकडे गाडीच नव्हती.

रात्रभर विचार करून काकांना गुरुवारी उलगडा झाला. वारा बाईचा आवाज उडवून नेतो, म्हणजे बाईला आडोसा हवा. आणि आडोसा शिवण्यात काकांचा हात धरणारा सात गावांत नव्हता. त्यांनी यंत्राचं माप घेतलं आणि त्याला एक इवलंसं हूड शिवलं. बाहेरून काळं रेक्झिन, कडेला दुहेरी टाके, बंद करायला दोन पितळी बटणं, आणि वारा अजिबात शिरू नये म्हणून आतून बोटभर जाड फोम. चाळीस वर्षांत इतकं नेटकं काम त्यांच्या हातून झालं नव्हतं. कौतुकाने त्यांनी ते यंत्रावर चढवलं आणि पंखा सुरू केला.

"आता?" त्यांनी पंक्चरवाल्याला विचारलं.

"आता नाही येत बुवा ऐकू!"

काकांना उलट बरंच वाटलं. निदान आता दोघांचं एकमत होतं. पण यंत्र तर अजून ठरलं नव्हतं आणि शनिवार उजाडला होता. त्यांनी हूड काढून बाकावर ठेवलं, डोळे मिटून एका यंत्रावर बोट ठेवलं आणि तेच रविवारी काचेला चिकटवलं.

सकाळी काकू डोक्याला रुमाल बांधून शेजारी बसल्या. बहिणीसाठी घेतलेला डबा मांडीवर होता. काकांनी कौतुकाने यंत्र दाखवलं. काकूंनी मान बाहेर वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून ते पाहिलं. काही म्हणाल्या नाहीत, असं काकांना वाटलं.

गाव मागे पडलं. मोठा रस्ता लागला. बाईच्या पडद्यावर निळी रेघ सरकत होती, पण बाईच्या तोंडून अक्षर फुटेना. काका एक डोळा रस्त्यावर आणि एक पडद्यावर ठेवून चालवत होते, ही काही चालवायची रीत नव्हे. मग ते चार पूल आले. काकांनी कान पुढे केला, यंत्रावर टिचकी मारली, मनातल्या मनात बाईला दोन शिव्याही घातल्या, आणि व्हायचं तेच झालं. गाडी भलत्याच पुलावर चढली. निळी रेघ एकीकडे गेली, काका दुसरीकडे.

पूल उतरल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली. तिसरी वेळ होती ही. त्यांना रडू यायचं बाकी होतं.

"ठार मुकं यंत्र दिलं त्या लबाडाने!" ते ओरडले. "एक शब्द बोलेल तर शपथ!"

काकूंनी त्यांच्या बाहीला धरून त्यांना आपल्याकडे ओढलं आणि त्यांच्या तोंडाजवळ तोंड आणून म्हणाल्या, "अहो, मघापासून कोकलतेय ती. पेट्रोल पंपानंतर उजवा पूल घ्या, असं तीनदा म्हणाली."

काकांनी यंत्राकडे बोट केलं. "तुला ऐकू आलं?"

"न यायला काय झालं? चांगला कर्ण्यासारखा आवाज आहे तिचा."

"मग मला सांगायचं नाही होय?"

"सांगितलं की. पंपाशी सांगितलं, पुलाच्या तोंडाशी सांगितलं. तुम्ही आपले सरळ. नेहमीसारखे."

"नेहमीसारखे म्हणजे?"

काकूंनी डब्यावरचा हात काढून पदर सारखा केला. "म्हणजे डोळे गेल्यापासून मी काही म्हटलं की तुम्ही गप्प. हूं नाही की चूं नाही. म्हटलं, जाऊ दे. आंधळीचं कोण ऐकतंय."

काकांना आधी काही उमगेचना. दुकानातली दचकलेली माणसं, टायर बुडवत ओरडणारा पंक्चरवाला, सगळं डोक्यात उलटसुलट फिरलं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. दोष ना वाऱ्याचा होता, ना यंत्राचा.

"अगं, पण तू बोलतेस कुठे?" ते म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. "दोन वर्षं झाली. घरात चकार शब्द नसतो तुझा."

"माझा?" काकू म्हणाल्या. "मी दिवसभर बोलत असते."

शेजारून ट्रक गेला. काकूंनी सवयीने तोंड बाहेर फिरवलं, आणि त्यांचे ओठ हलताना काकांना गालाच्या कडेवरून दिसले. आवाज मात्र आला नाही. काकांनी हात पुढे करून दोन्ही तळव्यांत त्यांचा चेहरा धरला आणि आपल्याकडे वळवला.

"असं. तोंड दिसेल असं बोल. काय काय बोललीस तू?"

"आता दोन वर्षांचं कसं आठवेल?"

"आठवेल तेवढं सांग."

काकूंचे डोळे भरून आले होते. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, आणि मग एक बोट वर केलं. "थांबा जरा, ती काहीतरी सांगतेय. मागे वळा म्हणतेय."

"तिला बोलू दे," काका म्हणाले. "आधी तू."