हजर, बाई

कॉलेजच्या दुसऱ्या दिवशी मॅडम हजेरी घेत होत्या. पुढच्या बाकावरच्या मुलीचं नाव आलं, तशी ती ताडकन उभी राहिली आणि शाळेतल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "हजर, बाई!"

सगळ्या वर्गात खसखस पिकली. "अगं, बसून सांगितलंस तरी चालेल," मॅडम म्हणाल्या. ती बसली. तिची मान कानापर्यंत लाल झालेली मला मागून दिसत होती.

तेच दोन शब्द माझ्याही ओठांवर तयार होते. शाळा सुटते, गणवेश धाकट्या बहिणीला जातो, पण जीभ कितीतरी दिवस जुन्याच वर्गात जाऊन बसते. तिला कोण सांगणार, की आता इथं बाई नाहीत?

माझं नाव जवळ येत चाललं. मी मनात 'येस मॅडम' घोकत होते आणि गुडघे आपले उठायला बघत होते. मी दोन्ही हातांनी बाक धरून ठेवला.

"येस मॅडम."

आवाज इतका बारीक आणि परका निघाला, की मॅडमनी वर न बघताच विचारलं, "आलीय का ही?"

मला सांगता येईना.