पावणेचारची भरती

माझ्या टेबलासमोरची खुर्ची ते ओढायचे, पण तिच्यावर बसायचे नाहीत. तिच्या पाठीवर एक हात ठेवून उभे राहायचे, कानावरची पेन्सिल काढायचे आणि माझ्या डोक्यावरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणायचे, "बाबू, आज तिकडं साडेचारले भरती." यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगावच्या आमच्या शाळेच्या ऑफिसात बावीस वर्षं माझी सकाळ अशी सुरू झाली.

तिकडं म्हणजे अलिबागला. आता तुम्ही म्हणाल, कुठे मारेगाव आणि कुठे अलिबाग! मीही तेच म्हणायचो. एक अख्खा महाराष्ट्र मध्ये आडवा पडलेला. आमच्याकडे पाणी म्हणजे वर्धा नदी, तीही उन्हाळ्यात ढोपराएवढी. पण या माणसाला रोज सकाळी तिकडच्या समुद्राची खबर घेतल्याशिवाय चहा गोड लागत नसे. चहासुद्धा उभ्यानेच प्यायचे.

ते शाळेचे पी.टी.चे सर. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे बूट आणि तोंडात एकच शब्द, "चला." प्रार्थना संपायच्या आत "चला," घंटा वाजायच्या आधी "चला," लग्नाच्या पंगतीत पहिला घास पोटात जायच्या आत "चला." बायकोबरोबर बाजारात निघाले तरी दहा पावलं पुढे. वहिनी मागून येताहेत की नाही, हे ते फक्त वळणावर बघायचे. माझा स्वभाव नेमका उलटा. मी कारकून, माझा जन्मच बसण्यासाठी झालेला. त्यांच्याकडे नुसतं बघूनही मला दम लागायचा.

अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. पण सरांना समुद्राचं वेड कसं लागलं, ते सांगतो, कारण त्या वेळी मी तिथे होतो.

शाळेची पहिली लांबची सहल अलिबागला गेली तेव्हा समुद्र कोणीच पाहिलेला नव्हता. पोरांनी नाही, सरांनी नाही, मीही नाही. आम्ही पोचलो तेव्हा पाणी पार मागे गेलेलं होतं आणि पाण्यातल्या किल्ल्यापर्यंत लोक चक्क चालत जात होते. सरांनी शिट्टी फुंकली. "चपला काढा! दोन रांगा करा! चिखलात चप्पल तुटते." ओल्या वाळूवर बेचाळीस जोड चपला अशा शिस्तीत लागल्या की कुठल्या देवळाबाहेरही लागत नसतील. आमचा हिशोब साधा होता. नदीकाठी चप्पल काढली की आंघोळ होईपर्यंत ती तिथेच असते. नदी काही उठून चपलेपाशी येत नाही.

तास दीड तास किल्ला बघून परत आलो तर रांगा नाहीत. रांगा होत्या तिथे पाणी होतं आणि पाण्यावर दोन-तीन चपला नाचत होत्या. सर बुटांसकट गुडघाभर पाण्यात धावले आणि समुद्रावर शिट्टी फुंकू लागले. जोरजोरात, लाल होईपर्यंत. पोट्टे हसायला लागले, मीही हसलो. सर हसले नाहीत.

परतीच्या वाटेवर एका बसस्टँडवर एका म्हातारीने बेचाळीस अनवाणी पोरांना बघून हात जोडले आणि विचारलं, "कोनत्या देवाले चालले बापा?" काय सांगणार! मारेगावला गाडी लागली तेव्हा मी पाहिलं, सरांच्या पायातही बूट नव्हते. त्यांचे बूट कुठे गेले नव्हते, सीटखाली होते. पण ते पोरांबरोबर स्टँडपासून शाळेपर्यंत अनवाणी चालले आणि मुख्याध्यापकांपुढेही तसेच उभे राहिले. मला माझ्या हसण्याची तेव्हा लाज वाटली. अजूनही वाटते.

पुढच्या वर्षी त्यांनी तिकडच्या एका म्हाताऱ्या कोळ्याला गाठलं आणि त्याच्याकडून भरतीचा हिशोब शिकून आले. तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर तीनला भरती, अष्टमीला सहाला. त्याच्या आधी सहा तास ओहोटी. बस, एवढंच. त्या दिवसापासून दर वर्षी नवं कॅलेंडर आलं की सर एका दुपारी उभ्याउभ्याच बारा महिन्यांच्या चौकोनांत पेन्सिलीने भरतीच्या वेळा लिहून टाकायचे.

गंमत अशी की सरांच्या घरी पंचांग कधी नव्हतंच. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, उपास-तापास नाही, मुहूर्त नाही. पण शाळेतल्या बायकांना चतुर्थी केव्हा हे विचारायचं असलं की त्या सरांनाच विचारायच्या. "परवा तीनले भरती हाय," सर म्हणायचे, "म्हंजे तुमची चतुर्थीच असन."

मग अलिबागला जाणाऱ्या प्रत्येकाला ते एक कागद देऊ लागले. 'अलिबागला गेल्यावर काय काय करावे.' तालुक्यातून कोणी तिकडे निघालं आहे असं कळायचा अवकाश, सर त्याच्या दारात हजर. सकाळी आधी कॅलेंडर पाहावे. ओहोटी लागली की किल्ल्यात जावे, गुडघे दुखत असल्यास घोडागाडी करावी. चारी बाजूंनी खारं पाणी असून आत गोड्या पाण्याचं तळं आहे, ते चाखून पाहावे. तटावरच्या चाकाच्या तोफांवर पोरांना चढू देऊ नये. नंतर चुंबकाची वेधशाळा बाहेरून पाहावी, ती बांधताना लोखंड वापरलेलं नाही. हंगाम असल्यास पोपटी खावी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगा. आणि प्रत्येक कागदाच्या शेवटी, खाली दोन रेघा ओढून: चपला हातात ठेवाव्यात.

एका नवरदेवाला त्यांनी हा कागद वरातीत दिला. "सर, आम्ही फिरायले चाललो, परीक्षेले न्हाई," तो म्हणाला. "पाणी नवरा-नवरी वळखत न्हाई," सरांनी सांगितलं आणि त्याच्या खिशात कागद कोंबून पुढे गेले.

सहलीच्या आदल्या दिवशी वहिनी शंकरपाळे आणि चिवड्याचे डबे भरून द्यायच्या. दर वर्षी. त्या अंगणवाडीत होत्या. तीस वर्षं पोरांपुढे उकिडवं बसून त्यांचे गुडघे कामातून गेले होते. सहलीत घरच्यांना न्यायचं नाही असा सरांचा नेम होता, त्यामुळे डबे अलिबागला जायचे आणि वहिनी मारेगावातच राहायच्या.

सर रिटायर झाले त्या हिवाळ्यात एकदा मी त्यांच्या घरी गेलो होतो. वहिनी पाटावर पाय लांब करून बसल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, एवढं वर्ष चालून घ्या, पुढच्या वर्षी पाय किती साथ देतील सांगता येत नाही.

"भाऊ," वहिनी मला म्हणाल्या, "यायनं इतके वर्स पोट्टे नेले. पाणी भोवताल आल्यावर किल्ला आतून कसा दिसते, इचारा बरं."

मी सरांकडे पाहिलं. सर स्वयंपाकघराच्या दारात येरझाऱ्या घालत होते. त्यांनी ते कधी पाहिलंच नव्हतं, कारण पाणी यायच्या तासभर आधीच ते सगळ्यांना हाकलत बाहेर काढायचे.

"मले तेच पाहायचं हाय," वहिनी म्हणाल्या. "एक डाव आत बसून. पाणी येऊ द्यायचं, अन् आपुन पाहत बसायचं. बाकी मले काहीच नोको."

"येडी झाली का?" सर ओरडलेच. "पाण्याचा काही भरोसा असते का? मंग येशीन कशी? होडीत? मले पोहता येते का? तुले येते?"

होडीला ते भ्यायचे. बावीस वर्षांत एकदाही त्यांनी होडीत पाय ठेवला नव्हता, हे मला ठाऊक होतं. वहिनी चिवड्यातले शेंगदाणे वेचू लागल्या. मला फार वाईट वाटलं. आयुष्यात मागून मागून बाईने काय मागितलं तर पाणी, आणि तेही नुसतं बघायला.

तरी आम्ही गेलो. सर, वहिनी, मी आणि माझी बायको. निघायच्या आदल्या दिवशी सरांनी ऑफिसात येऊन कॅलेंडर माझ्यासमोर वाचलं. "किल्ल्याच्या दिवशी पंचमी. पावणेचारले भरती. पावणेदहाले ओहोटी. अकराले बाहेर म्हंजे बाहेर." एवढं बोलून ते गेलेसुद्धा.

तिथे पोचलो त्या संध्याकाळी सर एकटेच "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून किनाऱ्यावर गेले. त्यांचे पाय कधी बांधलेले होते, मला माहीत नाही.

सकाळी घोडागाडीतून किल्ल्यात उतरलो. सरांनी चौघांच्या चपला आपल्या हातात घेतल्या होत्या. वहिनी एकेक पायरी मोजत चढल्या. तळ्याचं पाणी चाखलं, तोफा पाहिल्या, आणि तटावर जिथून गावचा किनारा दिसतो तिथे एका सपाट दगडावर जाऊन बसल्या. सर आपले इकडून तिकडे. घड्याळ बघ, पाणी बघ, पुन्हा घड्याळ. अकरा वाजले. इतर लोक निघाले. मी उठलो, चप्पल मागितली.

"बसा न बाबू," सर म्हणाले. "बम वेळ हाय."

मी जागच्या जागी थांबलो. भरपूर वेळ आहे! या माणसाच्या तोंडून हे वाक्य मी जन्मात ऐकलं नव्हतं. सव्वाअकरा झाले, साडेअकरा झाले. वाळूत डाव्या हाताला पाणी चमकायला लागलं, मग उजव्या हाताला. मी काही बोलणार एवढ्यात सरांनी कपाळावर हात मारला. नाटकात पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या पोरासारखा, जरा जास्तच जोरात.

"अरे बापा! माहा हिशोब चुकला! म्या षष्ठी धरली, आज पंचमी हाय!"

माझी बायको घाबरली. मी घाबरलो नाही, कारण निघण्याआधी ऑफिसात त्यांना पंचमी म्हणताना मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. मी तिला खुणेनेच बसायला सांगितलं.

वहिनींचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. दोन्ही बाजूंनी पाणी वाळूवरून सरकत येत होतं, मागे जात होतं, पुन्हा थोडं पुढे येत होतं. आणि मग किल्ल्याच्या आणि गावाच्या मधोमध दोन्हीकडचं पाणी एकमेकांना भेटलं.

"पाहा, पाहा," वहिनी म्हणाल्या. "पोरी फुगडीले हात धरते तसं झालं." आणि मग मान न वळवता, "बसा न तुमी आता. कुठं जाता?"

जायला जागाच नव्हती. सर बसले. वहिनींच्या शेजारी, त्याच दगडावर. चपलांचे चार जोड मांडीवर. उजवा पाय सारखा हलत होता, पण बसले. दोन अडीच तास बसले. मी त्यांना बावीस वर्षांत जेवढं बसलेलं पाहिलं, ते सगळं मिळून एवढं झालं नसतं. वहिनींनी चिवड्याचा डबा उघडला. मी आणि बायको जरा लांब जाऊन बसलो.

तीनच्या सुमाराला तटाच्या दाराशी होडी लागली. होडीवाल्याने वर बघून हाक मारली, "काल चार माणसं सांगून गेलेले मास्तर कोण? यवतमाळचे?"

सरांनी एकदम दुसरीकडे तोंड फिरवलं आणि तोफ बघायला लागले. तोफ सकाळी दोनदा बघून झाली होती.

वहिनींनी होडीवाल्याकडे पाहिलं, मग सरांकडे. हसू आलं त्यांना, डोळ्यांत पाणीही आलं. "तुमाले," त्या हळूच म्हणाल्या, "धड चुकताही येत न्हाई."

होडीत सर मध्ये बसले. एका हातात चपला, दुसऱ्या हातात वहिनींचा दंड, आणि दातांत शिट्टी घट्ट धरलेली. होडी हलली की शिट्टी आपोआप वाजायची. होडीवाला हसत होता. किनाऱ्यावर उतरल्यावर सरांनी आधी शिट्टी दातांतून काढली. आणि मग वाळूवरून चालताना ते वहिनींच्या पुढे गेले नाहीत.

पुढच्याच पावसाळ्यात सर गेले. सकाळी फिरून आले, दारात उभे राहूनच चहा मागितला आणि चहा यायच्या आत गेले. थांबायचं त्यांच्या स्वभावात नव्हतं, असं लोक म्हणाले. मला तसलं काही बोलवलं नाही.

कॅलेंडर मात्र डिसेंबरपर्यंत लिहिलेलं होतं. मी रोज ऑफिसात आलो की मान वर करायचो. आज सव्वाअकराला. आज पाऊण वाजता. खुर्ची समोरच असायची, ओढणारं कोणी नसायचं. एकतीस डिसेंबरला ते कॅलेंडर उतरवताना मला रडू आलं, शिपायासमोर आलं, आणि मी ते लपवलं नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात वहिनी काठी टेकत ऑफिसात आल्या. काखेत नव्या कॅलेंडरची गुंडाळी होती. सरांच्या खुर्चीवर बसल्या आणि कॅलेंडर माझ्या टेबलावर उलगडलं.

"मले पाऊणपट जमत न्हाई, भाऊ. तुमी लिवून द्या. सारे महिने."

मी ड्रॉवरमधून पेन्सिल काढली. "माझा हिशोब कच्चा आहे वहिनी. चुकेल कुठेतरी."

"चुकू द्या," वहिनी म्हणाल्या. "ते एकच डाव चुकले. मले तेवढं पुरून राह्यलं."

मी उठलो. कॅलेंडर भिंतीवर टांगलं, माझ्या खुर्चीच्या पाठीवर एक हात ठेवला, आणि उभ्याउभ्याच लिहायला लागलो.